सहलीच्या दिवशी पाय किती चालणार?

परीक्षा संपल्या की घराघरांतून सहलीचे बेत शिजू लागतात. पूर्वी आपल्या भागातील माणसे सुटीत देवदर्शनाला जात, फार तर महाबळेश्वर-पाचगणीला. आता मुलांचा हट्ट असतो तो थीम पार्कचा. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि कोयनानगर, पाटण, कराडकडच्या मंडळींनाही अशी सहल आवाक्यात आली. पहाटे निघायचे, दिवसभर मजा करायची आणि रात्री उशिरा घरी. बेत छानच आहे. तिकिटाचे किती, गाडीचे किती, जेवणाचे किती, हा हिशेब घरातला कर्ता माणूस दहा वेळा मांडतो. पायांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

अशाच एका सहलीहून परतलेल्या बासष्ट वर्षांच्या बाई मध्यंतरी माझ्याकडे आल्या होत्या. बारा वर्षांचा मधुमेह. सहलीसाठी मुलाने हौसेने नवे बूट घेऊन दिले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता आणि जखम चिघळू लागली होती. तीही त्यांच्या स्वतःच्या लक्षात आली नव्हती. तिसऱ्या दिवशी फरशीवर डाग दिसले म्हणून सुनेने पाय पाहिला. "नातवाच्या मागनं दिवसभर फिरले, पण दुखलं असं काहीच नाही बघा डॉक्टर," असे त्या सांगत होत्या. न दुखणे हेच तर दुखणे होते. पाय वाचला, पण पाच आठवडे ड्रेसिंग करावे लागले.

त्यांचे यजमान मला म्हणाले, "आम्ही कोयनेची माणसं, डोंगर चढणारी. चालण्याचं आम्हांला काय?" हा समज आपल्याकडे सर्रास आहे, म्हणून आजचा लेख.

प्रथम अंतराचा हिशेब करू. इमॅजिकाचा परिसर सुमारे १३० एकर सांगितला जातो. एवढ्या चौरस जागेला कडेकडेने एक फेरी मारली तर जेमतेम तीन किलोमीटर भरतील. मग माणूस दमतो कशाने? कारण कोणीही एकच फेरी मारत नाही. गाडीतळापासून दरवाजा, दरवाजापासून पहिला खेळ, तिथे गर्दी म्हणून दुसरा, मग धाकट्याला लघवीला न्यायचे, कोणाची पिशवी मागे राहिली, जेवायला पुन्हा त्या टोकाला, आणि संध्याकाळी "तो पहिला खेळ राहिलाच की!" हे सारे धरले तर सकाळी दहा ते रात्री आठपर्यंत आठ ते बारा किलोमीटर सहज होतात. अमेरिकेतील डिस्नेच्या मोठ्या उद्यानांत तर पंधरा-सोळा किलोमीटर चालणे झाल्याचे लोक सांगतात आणि कित्येक कुटुंबे तिथे सलग चार-पाच दिवस फिरतात. मुलामुलींकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे.

दहा किलोमीटर म्हणजे किती, हे कोयनानगरच्या माणसाला सांगणे सोपे आहे. आपले कोयना धरण ८०७ मीटर लांब आहे. त्याची लांबी बारा वेळा चाललात तर साधारण दहा किलोमीटर होतात. किंवा असे म्हणा, की कोयनानगरहून ओझर्डे धबधब्यापर्यंत पायी जाणे. आजीला घेऊन धबधब्यापर्यंत चालत जाऊ या असे कोणी म्हणाले तर घरात भांडण होईल. थीम पार्कला मात्र तीच आजी निमूट निघते, कारण ते चालणे तुकड्यातुकड्यांत वाटले गेल्यामुळे दिसत नाही.

जागेच्या आकारावरूनही फसू नये. हैदराबादची रामोजी फिल्मसिटी सोळाशे एकरांहून मोठी आहे, पण तिथे प्रेक्षकांना बसमधून हिंडवतात. उलट कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील ग्रामजीवनाचे संग्रहालय त्यामानाने लहानसे, पण पाहायचे ते सारे पायीच. जाण्यापूर्वी तिथला नकाशा पाहावा आणि आत गाडीची सोय आहे का, हे फोन करून विचारावे.

दुसरी गोष्ट पावलांची. अंतर सर्वांना सारखे असले तरी पावले सारखी नसतात. उंच तरुणाचे पाऊल सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरचे पडते, तेव्हा दहा किलोमीटरला त्याची तेरा-चौदा हजार पावले होतात. आजींचे पाऊल पन्नास सेंटिमीटरचे. त्यांची वीस हजार होतात. सहा वर्षांच्या नातवाचेही तसेच. मुलगा "चला, चला" करीत पुढे असतो, तेव्हा मागची दोन माणसे त्याच्या दीडपट पावले टाकीत असतात. हल्ली मोबाईलमध्ये पावले मोजली जातात आणि रोज दहा हजार झालीच पाहिजेत असा अनेकांचा आग्रह असतो. हा आकडा वैद्यकशास्त्राने ठरविलेला नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे माप' असा होता. तिथून तो आकडा रूढ झाला. पुढच्या अभ्यासांत सात-आठ हजार पावलांनीही प्रकृतीला चांगला लाभ होतो असे दिसले आहे. सांगायचा मुद्दा असा, की रोज तीन-चार हजार पावले चालणाऱ्या माणसावर एका दिवसात वीस हजारांचा बोजा टाकणे हा व्यायाम नाही.

आता डोंगर चढणाऱ्यांबद्दल. शेतावर जाणारा माणूस मातीवरून, आपल्या चालीने चालतो आणि दमला की झाडाखाली टेकतो. थीम पार्कमध्ये पायाखाली फरशी किंवा काँक्रीट असते. आणि चालण्यापेक्षा वाईट गोष्ट तिथे असते, ती म्हणजे रांग. पाऊण तास एका जागी उभे राहणे तीन किलोमीटर चालण्यापेक्षा जड जाते. त्याचे कारण असे. पायातील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि पंपासारखे रक्त वर जाते. नुसते उभे राहिलो की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचते, घोटे सुजतात, शिरा फुगलेल्यांचे पाय ठणकू लागतात, आणि उन्हात उभ्या असलेल्या एखाद्याला चक्कर येते. उपाय फुकटचा आहे. रांगेत दर पाच मिनिटांनी टाचा उचलून वीस वेळा वर-खाली करावे. लोक हसतील, हसू द्यावे.

त्यातून आपली सहल पहाटेची. कोयनानगरहून खोपोलीपर्यंत पाच-सहा तास तरी गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसावे लागते. म्हणजे दरवाजात उतरतानाच पाय अर्धे भरून आलेले असतात. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे फिरावे. शक्य असेल तर आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. पैसे जास्त जातील, पण घरात म्हातारे माणूस असेल तर हा खर्च मी वायफळ मानणार नाही.

हवेचाही फरक आहे. कोयनानगरची हवा उंचावरची, त्यामानाने थंड. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथे मे महिन्यात दमट उकाडा असतो. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. फार घाम येत असेल तर क्षारसंजीवनीची पुडी वापरावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र हे पाणी सरबतासारखे पिऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पादत्राणांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मी दुखणी तिथून येतात. सहलीसाठी नवे बूट घेऊ नयेत. घ्यायचेच तर महिनाभर आधी घ्यावेत आणि रोज तासभर घालून मोडवावेत. खरेदी संध्याकाळी करावी, त्या वेळी पाय किंचित सुजलेले असतात. पुढे अंगठ्याभर जागा हवी. मोजे घालावेत आणि पिशवीत एक कोरडा जोड ठेवावा, कारण पाण्याच्या खेळात मोजे भिजले की फोड आलाच म्हणून समजावे. रबरी चप्पल घरात ठीक, दहा किलोमीटरला नाही. ती सांभाळण्यासाठी पायाची बोटे दिवसभर आखडलेली राहतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मांड्या घासणाऱ्यांनी सकाळीच व्हॅसलीन लावावे.

मधुमेही वाचकांनी पुढील गोष्ट घरच्यांनाही वाचून दाखवावी. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. फोड येतो, खडा टोचतो, पण कळत नाही. म्हणून दुपारी जेवणाच्या वेळी एकदा आणि रात्री एकदा बूट-मोजे काढून तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा मुलाला पाहायला सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. फोड सुईने फोडू नये. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, पाण्याच्या खेळाजवळही नाही. आणखी एक, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जास्त चालण्याने आणि रांगेमुळे जेवण लांबल्याने एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, डोके हलके झाले तर जागीच बसून साखर खावी. बऱ्याच ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि साखरेची पुडी खिशात असू द्यावी.

चालताना छातीत दडपण येत असेल, चढावर दम लागत असेल, तर आधी तपासणी, मग तिकीट. हृदयविकार, पाठीचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी जोराच्या पाळण्यात बसू नये, हे तिथल्या फलकांवर लिहिलेलेच असते. गुडघेदुखीवाल्यांनी उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेऊन दिवस रेटू नये. अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. त्यापेक्षा चाकाची खुर्ची मिळते का ते आधी विचारावे. नातवाबरोबर जायचे आणि खुर्चीत बसायचे, यात कमीपणा वाटणारी पुरुषमंडळीच जास्त, असा माझा अनुभव आहे.

तयारीला चार आठवडे पुरतात. सध्या जेवढे चालता त्यावर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे वाढवा. कोयनानगरात वसाहतीचे रस्ते आहेत, नेहरू उद्यानाची वाट आहे, चढउतारही आहेत. चढापेक्षा उतारावर गुडघ्यांना जास्त जड जाते, म्हणून उतार सावकाश. शेवटच्या आठवड्यात सहलीचेच बूट घालून एकदा दीड तास फिरून पाहा. त्या दिवशी संध्याकाळी पाय काय म्हणतात, ते ऐका.

प्रत्यक्ष सहलीत घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने बेत आखावा. पाऊण तास फिरले की दहा मिनिटे बसावे. भर दुपारी बंदिस्त जागेतले खेळ घ्यावेत. सगळ्यांनी सगळीकडे जाण्याचे कारण नाही. तरुणांनी पुढे जावे, वडीलधाऱ्यांनी सावलीत एक ठिकाण धरावे आणि भेटण्याची वेळ ठरवून घ्यावी.

घरी आल्यावर पाय उशीवर उंच ठेवून झोपावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या जास्त ठणकतात, ते स्वाभाविक आहे आणि हळूहळू चालण्याने कमी होते. मात्र एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली आणि दाबल्यावर दुखू लागली, तर तेल चोळत बसू नये. लांबच्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे ते लक्षण असू शकते. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखले तर रात्र असली तरी थांबू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे.