कुत्रा जागं करतो, राखण आपल्यालाच करावी लागते

लाखांदूर तालुक्यात रोवणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसं सकाळपासून बांधीत असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी बरेच जण उजाडायच्या आतच जंगल गाठतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की रात्रभर घरांना कुलूप असतं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, “एक कुत्रा ठेवा, मग घोर नाही.” हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याच्या भरवशावर राहिलं तर घराचंही नुकसान होतं आणि त्या मुक्या जनावराचाही जीव जातो. म्हणून नेहमी ऐकू येणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : कुत्रा असला की चोर फिरकत नाही.

वस्तुस्थिती : चोराला एकांत हवा असतो आणि हाताशी वेळ हवा असतो. भुंकण्यानं हे दोन्ही बिघडतं, एवढं खरं. अमेरिकेत शिक्षा झालेल्या चारशेहून अधिक घरफोड्यांना कोणती घरं टाळता, असं २०१२च्या एका अभ्यासात विचारलं होतं. माणसांची वर्दळ, अलार्म, कॅमेरे यांच्या जोडीला त्यांनी कुत्र्याचंही नाव घेतलं. तिथल्याच कोलंबस शहरात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जास्त कुत्रे असलेल्या वस्त्यांत घरफोड्या कमी दिसल्या. लूटमार आणि खून मात्र जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वासही होता, अशाच वस्त्यांत कमी होते.

म्हणजे भुंकणं ऐकून दार उघडणारं कुणीतरी हवं. अख्खी आळी नाटकाला गेली असेल तर कुत्र्यानं घसा फोडूनही काही होत नाही. शिवाय विष घातलेला मटणाचा तुकडा टाकून त्याला कायमचं गप्प करता येतं. अनोळखी हातचं खाऊ नये, हे शिकवल्याशिवाय कुठलाच कुत्रा शिकत नाही.

गैरसमज २ : राखणीला विदेशी जातीचाच कुत्रा हवा.

वस्तुस्थिती : जागं करण्याच्या कामात गावठी कुत्रा कुठेही कमी पडत नाही. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास पोचतो. ही देणगी प्रत्येक कुत्र्याला आहे, तिला वंशावळ लागत नाही. उलट दाट केसांच्या जातींना नवतपातलं विदर्भाचं ऊन सोसत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर सोडतो. दुपारभर निपचित पडलेला, आजारी कुत्रा रात्री काय राखण करणार? आणि रॉटवायलरसारखा ताकदवान कुत्रा शिकवल्याशिवाय घरात आणला तर पहिला धोका घरातल्याच लेकरांना असतो.

गैरसमज ३ : साखळीला बांधून ठेवला, मिरची खाऊ घातली, कान-शेपूट कापली की कुत्रा कडक होतो.

वस्तुस्थिती : मिरचीनं पोट बिघडतं आणि कापण्यानं जखम होते. स्वभाव त्यानं राखणदाराचा होत नाही. सतत बांधलेला कुत्रा भित्रा आणि चिडका बनतो. डेन्व्हर शहरातल्या १९९४च्या अभ्यासात चावणारे कुत्रे अंगणात साखळीला बांधलेले असण्याची शक्यता न चावणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. असा कुत्रा पोस्टमन, पाहुणा, कोंबडी, वारा, सगळ्यांवर भुंकतो. मग खरी वेळ येते तेव्हा घरचेही उठत नाहीत.

भुंकण्या-भुंकण्यात फरक असतो आणि माणसांना तो ओळखता येतो, असं हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. अनोळखी माणसावरचं भुंकणं खालच्या पट्टीत, खरखरीत आणि जवळजवळ न थांबता येतं. एकट्या पडलेल्या कुत्र्याचं भुंकणं वरच्या पट्टीत, थांबूनथांबून असतं. आपला कुत्रा कधी कसा भुंकतो, हे चार-आठ दिवस नीट ऐका. रात्री त्याचा उपयोग होईल. आणि साखळीचं म्हणाल, तर कुत्र्याला फार वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

गैरसमज ४ : अंगणात कुत्रा असला की बिबट्या येत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेकदा उलटंच घडतं. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या एकूण खाद्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या जनावरांचा निघाला. एकूण खाद्यातला ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. सांदवाडीत साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्यासाठी आयता घास आहे. त्याला पळताही येत नाही. जंगलालगतच्या गावात रात्री कुत्रा ओसरीच्या आत किंवा पक्क्या दाराच्या कोठ्यात असावा. भुंकणं तिथूनही ऐकू येतं. बिबट्या दिसलाच तर काठी घेऊन मागे धावू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

गैरसमज ५ : जंगलात जाताना सोबत कुत्रा असला की वाघ-अस्वलाची भीती नाही.

वस्तुस्थिती : वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात १३ माणसांचा जीव घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. त्या दिवसांची धास्ती इथे कुणाला नव्यानं सांगायला नको. अशा जनावराला कुत्रा थोपवू शकत नाही. मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि अंगावर आलं की धावत मालकाकडेच येतो. मग संकटही त्याच्यामागून आपल्यापाशी येतं. मोहफूल किंवा तेंदूपत्ता तोडायला जाताना चार जणांची सोबत, मोठ्यानं बोलणं आणि उजाडल्यावर निघणं, यावरच भर द्यावा.

गैरसमज ६ : कुत्र्याच्या घरात साप शिरत नाही.

वस्तुस्थिती : धानाच्या पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कुत्रा सापावर भुंकेल, पण नाग-घोणसाच्या दंशानं तो स्वतः मरतो. मण्यार तर रात्री झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिच्यापासून वाचवते ती खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी.

गैरसमज ७ : घरचा कुत्रा चावला तर काही होत नाही.

वस्तुस्थिती : गावभर फिरणाऱ्या कुत्र्याला रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका. पूर्वीसारखी पोटात १४ इंजेक्शनं आता द्यावी लागत नाहीत. मोजके डोस दंडात देतात. आपल्या निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग कुत्रा ठेवावा की नाही? जरूर ठेवावा, पण घरातला जीव म्हणून. त्याला दर वर्षी रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या, दिवसातून दोनदा फिरवा आणि रात्री आत घ्या. दाराला चांगली कडी, अंगणात एक दिवा आणि बाहेर जाताना शेजाऱ्याला दिलेला निरोप, ही राखणीची निम्मी तयारी झाली. कुत्रा भुंकला तर दिवा लावा, शेजाऱ्याला हाक मारा आणि माणूस शिरल्याचा संशय आला तर ११२ला फोन करा. त्यानं इशारा दिला की त्याचं काम संपलं. पुढचं काम त्याच्यावर टाकून झोपून राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपल्या घराला धोकाही.