पोट दुखते, रिपोर्ट मात्र नॉर्मल!

"डॉक्टरसाहेब, रिपोर्ट चांगला आला याचा आनंद मानायचा का दुःख, तेच कळंना झालंय."

एसटीत वाहक असलेले ते गृहस्थ तपासण्यांच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसले होते. सात वर्षे त्यांच्या पोटात कळ येत होती. शौचाला जाऊन आले की जरा बरे वाटायचे, अर्ध्या तासात पुन्हा घाई. कधी दिवसातून पाच वेळा जावे लागे, तर कधी दोन दोन दिवस काहीच नाही. 'जुनाट आव' समजून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या किती गोळ्या पोटात गेल्या, याची गणतीच नव्हती. करमाळ्याहून पुण्याची ड्युटी लागली की ते पहाटेपासून उपाशी राहत. वाटेत कळ आली तर भरलेली गाडी कुठे थांबवायची?

यात माझीही चूक होती. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडेच आले होते. रक्त, शौच, सोनोग्राफी सारे पाहून मी म्हणालो होतो, "तुम्हाला काही झालेलं नाही, मनावर घेऊ नका." त्यांना हे 'तुम्ही सोंग करता' असे ऐकू आले. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकलेच नव्हते.

दुखणे खरे असते

या आजाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि आतडे व मेंदू यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या संवेदनेत. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या वायूने या रुग्णाला मुरडा येतो. काळजीने, जागरणाने त्रास वाढतो हे खरे. पण म्हणून तो मनाचा खेळ ठरत नाही.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी किंवा शौचाच्या वेळांत व स्वरूपात झालेल्या बदलाशी संबंध असेल, आणि सुरुवात होऊन निदान सहा महिने झाले असतील, तर आयबीएसचा विचार करावा.

मात्र वाचकहो, हे निदान घरी बसून करू नका. शौचातून रक्त पडणे, वजन उतरणे, ताप, अंगात रक्त कमी असणे, पोटदुखीने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर आधी पूर्ण तपासणी हवी. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही होतो, तो चुकवून चालत नाही.

पथ्य आपले आपणच शोधावे

वाहकसाहेबांना मी एक वही घालायला सांगितली. काय खाल्ले, किती वाजता, कळ केव्हा आली, एवढेच लिहायचे. तीन आठवड्यांत वही बोलू लागली. दिवसभर उपास, त्यावर आठ-दहा कप दुधाचा चहा, स्टँडवरची कांदा-लसणाची झणझणीत मिसळ आणि रात्री दहाला भरपेट जेवण!

गहू, कांदा, लसूण, हरभरा, राजमा आणि दूध यांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात त्या आंबतात आणि वायू धरतो. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी यावरूनच आहारपद्धती बसवली. हे पदार्थ चार ते सहा आठवडे कमी करायचे, मग एकेक परत घेऊन पाहायचे. जो सोसवत नाही तेवढाच सोडायचा. सगळेच कायमचे बंद केले तर माणूस अशक्त होतो.

आपल्या भागाचे भाग्य असे की ज्वारीची भाकरी बहुतेकांना मानवते. सोबत भात, थोडे मुगाचे वरण, दोडका, पडवळ, गाजर घ्यावे. केळे फार पिकलेले नको, जरा घट्ट असावे. जेवण थोडे थोडे आणि वेळेवर घ्यावे. बद्धकोष्ठ असणाऱ्याने इसबगोल एका चमच्यापासून सुरू करून पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांचा त्रास वाढतो.

औषधे कोणती?

मुरड्यासाठी मेबेव्हेरीन, डायसायक्लोमीन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डायसायक्लोमीन परस्पर घेऊ नये. जुलाबाकडे कल असेल तर लोपेरामाइडचा बेताने उपयोग होतो. आव नसताना मेट्रोनिडॅझोल घेऊन काहीच साधत नाही. फार दिवस घेतल्यास हातापायांना मुंग्याही येऊ शकतात.

एवढ्याने भागले नाही म्हणून मी रात्री अॅमिट्रिप्टिलीन दहा मिलिग्रॅम लिहून दिली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ तावातावाने परत आले. "मेडिकलवाला म्हणतो ही वेड्याची गोळी आहे!" मी त्यांना बसवून समजावले. नैराश्यासाठी हेच औषध याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. या लहान मात्रेत ते आतड्याच्या मज्जातंतूंची चिडचिड कमी करते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसून आला आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंड कोरडे पडते, झोप येते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगावे.

गुण यायला दोन महिने लागले. कळ अजूनही येते, विशेषतः लग्नसराईत बाहेरचे जेवण झाले की. पण आता ते पुण्याची ड्युटी टाळत नाहीत. निघताना भाकरी, दोडक्याची भाजी आणि पाण्याची बाटली बरोबर घेतात. परवा स्टँडवर भेटले तेव्हा गाडीची घंटी देता देता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वही अजून चालू हाय बरं का!"

तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षे पोट धरून बसत असेल, तर 'रिपोर्ट चांगले आहेत' म्हणून त्याला गप्प करू नका. वही घालायला सांगा आणि ती घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.