ड्रेन कॉक गळतो तेव्हा

धरमतर खाडीच्या तोंडाशी वसलेल्या रेवस बंदरात गाळ ही नेहमीची अडचण. ओहोटीला धक्क्यालगतचं पाणी उथळ होतं आणि लाँच चिखलात रुततात. इंजिन थंड ठेवायला बोट पाणी ओढते तेही याच खाडीतलं, मिठाचं आणि गाळाचं. इंजिनाच्या पाण्याची गळती इथे अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. त्यातूनच तिच्याविषयीचे काही समज घट्ट झाले आहेत आणि ते इंजिनाचं आयुष्य खातात.

आधी पाण्याची वाट पाहू. बोटीच्या तळाला बसवलेल्या सी-कॉकमधून समुद्राचं पाणी आत येतं, जाळीतून गाळलं जाऊन पंपात जातं. पंपातला रबरी इम्पेलर ते कूलरमध्ये ढकलतो आणि तिथली उष्णता घेऊन ते बाहेर पडतं. बऱ्याच इंजिनांत आतल्या ब्लॉकमध्ये गोड्या पाण्याचं वेगळं बंदिस्त चक्र असतं. जिथे जिथे पाणी साचून राहू शकतं तिथे, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला आणि कूलरच्या तळाशी, ते काढून टाकायला ड्रेन कॉक किंवा प्लग असतो.

हा कॉक ठिबकू लागला की पहिला समज पुढे येतो: थेंब थेंब तर गळतंय, तळातलं पाणी उपसलं की झालं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. गरम इंजिनावर थेंब पडतो, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते स्टार्टर, अल्टरनेटर, वायरींचे जोड आणि इंजिनाचे पाय कुरतडत राहतं. पंख्याच्या पट्ट्यावर थेंब पडत असेल, तर तो हे पाणी इंजिनघरभर उडवतो. बंदिस्त चक्रातलं पाणी गळत असेल तर नुकसान निराळं: पातळी हळूहळू उतरते आणि भर समुद्रात इंजिन तापतं.

दुसरा समज पान्याचा. गळतंय ना, मग आणखी आवळा. पुष्कळ ड्रेन प्लगना निमुळते आटे असतात. जोर लावत गेलं की प्लग पाचरीसारखा आत रुततो आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. जुना पितळी कॉक असेल तर तो मुळाशी तुटून अर्धा आतच राहतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त काढून घेतं आणि उरतो तो सच्छिद्र, ठिसूळ भाग. कॉक खरवडल्यावर आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर आवळू नका, तो बदला. बदलताना हार्डवेअरच्या दुकानातला साधा लोखंडी प्लगही नको. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यांतला एक झपाट्याने झिजतो. शक्य तिथे ब्राँझचाच भाग घ्या. कूलरमध्ये झिंक असेल तर तेही काढून बघा. ते संपलं की झीज कूलरच्याच वाट्याला येते.

एम-सीलने भोक कायमचं बुजवणं हा मला सगळ्यांत घातक उपाय वाटतो. इंजिनाचा थरथराट आणि तापणं-निवणं यांमुळे तो लेप बहुधा सुटतोच. टिकला तर अडचण आणखी वाढते, कारण पाणी काढायची वाट बंद होते. गळती थांबवायची असते, ड्रेन बंद करायचा नसतो. आटे साफ करा, वॉशर नवा टाका, आट्यांना योग्य सीलंट लावा. टेप वापरलीत तर तिचे तुकडे आत जाणार नाहीत हे पाहा.

याच बुजवाबुजवीत पंपाचंही नुकसान होतं. गिअरवर चालणाऱ्या पुष्कळ पंपांच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला तेलाचं, आणि मधे हे भोक. तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेल्याची ती सूचना असते. भोक बुजवलं की खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि तिथून तेलात शिरतं. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसेपर्यंत बरंच काही बिघडलेलं असतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पाणी काढायचं कशाला, असंही विचारलं जातं. थंड देशांत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून ते काढतात. आपलं कारण वेगळं आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होडी शाकारून ठेवलेल्या त्या 61 दिवसांत आत राहिलेलं खारं पाणी धातू खातं आणि गाळ तळाशी घट्ट बसतो. म्हणून बंदीच्या आधी गोड्या पाण्याने समुद्राच्या पाण्याची वाट धुवा आणि मग सगळे ड्रेन उघडा.

कॉक उघडला आणि काहीच आलं नाही, म्हणजे आत पाणी नाही, असं मात्र धरून चालू नका. रेवससारख्या गाळाच्या बंदरात तोंड चिखलाने बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. तार घालून मोकळं करा. कित्येकदा आधी चिखल निघतो आणि मग पाण्याची धार लागते.

होडी पाण्यात असताना कुठलाही ड्रेन किंवा नळी खोलण्यापूर्वी सी-कॉक बंद करा. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक उघडं राहिलं तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं. इंजिन गरम असताना बंदिस्त चक्राचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी उसळून चेहरा भाजतो. शंका आली म्हणून पाणी चाखूही नका, त्यात कूलंट असेल तर ते विषारी असतं.

आणि तळात पाणी दिसलं म्हणजे इंजिनच गळतंय असंही नाही. शाफ्टच्या ग्लँडमधून, दोरीचं पॅकिंग असेल तर, चालताना थोडे थेंब येणं अपेक्षितच असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन पुसून कोरडं करा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवा. एकदा इंजिन बंद असताना आणि एकदा चालवून तापल्यावर कागद बघा. जो सर्वांत वर भिजला, तिथून शोध सुरू करा. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बंदराबाहेर पडण्याआधी ही तपासणी धक्क्यालाच उरकून घ्या.