रेडिओ 'जॅम' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कोरपन्यात लग्नाच्या वरातीत डीजेसमोर उभं राहून शेजारच्याशी बोलून बघा. तो ओरडत असतो, पण ऐकू काहीच येत नाही. त्याचा आवाज मोठ्या आवाजाखाली दबलेला असतो. रेडिओ जॅम करणं हेही असंच, फक्त इथे लहरी रेडिओच्या असतात. समोरचा ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, त्याच फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीचा गोंगाट सोडायचा. (डीजेने मात्र रेडिओ जॅम होत नाही, कान तेवढे जातात.)

१९८५ साली दाखवलेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स' कार्टूनच्या 'ब्लास्टर ब्लूज' भागात खलनायक रोबो पृथ्वीवरची संपर्क यंत्रणाच बिघडवतात. समोर असतो ब्लास्टर, स्वतःच टेपरेकॉर्डर बनणारा आणि मोठ्याने गाणी लावून मित्रांना वैताग आणणारा रोबो.

आपल्याकडे हा खेळ खराखुरा झाला, तोही मुंबईत. २७ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव' आंदोलनात काँग्रेस रेडिओ गुपचूप सुरू झाला. तो चालवणाऱ्यांत २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या. ब्रिटिश सरकारचा ऑल इंडिया रेडिओ तो जॅम करायचा, म्हणून या मंडळींनी त्याचं नाव 'अँटी इंडिया रेडिओ' ठेवलं होतं. लहरींचा माग काढत पोलीस पोचू नयेत म्हणून ट्रान्समीटरची जागा सतत बदलली जायची. शेवटी घात झाला तो जॅमिंगने नाही, एका तंत्रज्ञाच्या फितुरीने. १२ नोव्हेंबरला पोलीस आत घुसले, तेव्हा 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड वाजत होती.