हौशी धावपटूंची वेळ कशी सुधारते?



पहाटे साडेपाचच्या सुमारास आपल्या वसाहतीजवळच्या महापालिकेच्या मैदानावर गेले तर दोन प्रकारची माणसे धावताना दिसतात. एक म्हणजे चाळिशी ओलांडलेली मंडळी. डॉक्टरांनी साखरेचा किंवा रक्तदाबाचा इशारा दिला म्हणून ती धावू लागली आणि मग त्यातच त्यांना गोडी लागली. दुसरी म्हणजे पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीला लागलेली तरुण मुले-मुली. पहिल्यांना शर्यतीत आपली वेळ दहा मिनिटांनी कमी करायची असते, तर दुसऱ्यांना दहा सेकंदांनी. पहिल्यांची ती हौस आहे. दुसऱ्यांच्या मात्र त्या दहा सेकंदांवर घराची चूल अवलंबून असते. तरीही दोघांची चूक बहुधा एकच असते. ती चूक आम्ही स्वतः केली आणि एका मुलालाही करायला लावली. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमची चूक

आम्ही बँकेत कारकून. दिवसभर खुर्चीत बसून काम, येता-जाता लोकलची गर्दी. २०१९ साली रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि चालता चालता आम्ही धावू लागलो. जानेवारी २०२० मध्ये मुंबई मॅरेथॉनमधील अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि ९७ मीटर, आम्ही २ तास ४१ मिनिटांत पुरी केली. त्यानंतर कोरोनाची साथ आली आणि दोन वर्षे ही स्पर्धाच झाली नाही.

२०२२ साली पुन्हा सराव सुरू केला तेव्हा मनाशी ठरविले की, आता वेळ कमी करायचीच. आमचा हिशेब साधा होता. जोरात पळायचे आहे ना, मग रोज जोरातच पळावे! रोज धाप लागेपर्यंत धावायचे आणि घड्याळ बघायचे. पहिल्या महिन्यात वेळ सुधारली आणि हुरूप आला. दुसऱ्या महिन्यात ती जागच्या जागी थांबली. तिसऱ्या महिन्यात पोटऱ्या दुखू लागल्या, झोप उडाली, बँकेत दुपारी डोळे मिटू लागले. जानेवारी २०२३ मध्ये आमची वेळ लागली २ तास ४४ मिनिटे. एवढा आटापिटा करून तीन मिनिटे जास्त!

आमच्यापुरते हे हसण्यावारी नेता आले असते. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलीस शिपाई भरतीची जाहिरात निघाली, तेव्हा वसाहतीतला एक मुलगा आमच्याकडे आला. वडील बिगारी काम करणारे, घरात धाकट्या दोन बहिणी. “काका, सोळाशे मीटरची तयारी कशी करू?” असे त्याने विचारले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळ आणि वेळ लिहून ठेव.” मुलगा आज्ञाधारक. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी तो रोज तसाच पळाला. पाचव्या आठवड्यात त्याची नडगी दुखू लागली, पण आता थांबलो तर संधी जाईल म्हणून त्याने ते दुखणे लपविले. मैदानी चाचणीच्या दहा दिवस आधी तो लंगडत आमच्या दारात उभा राहिला. हाडाला बारीक चीर गेली होती. चाचणीच्या दिवशी तो घरी होता.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. ते आधीच करायला हवे होते.

शरीरात नेमके काय घडते?

धावताना स्नायूंना प्राणवायू लागतो. तो रक्तातून येतो आणि रक्त हृदय पुरविते. म्हणजे मैलभर किंवा त्याहून लांब धावणाऱ्याची वेळ मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलते, स्नायूंभोवती रक्ताच्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे किती दाट आहे, आणि पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका किती आहेत. या तिन्ही गोष्टी वाढविता येतात. आणि त्या वाढविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे सावकाश, पण बराच वेळ धावणे.

सावकाश म्हणजे किती? त्यासाठी यंत्राची गरज नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्द बोलून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, असे समजावे. या संथ गतीत शरीर चरबीही बऱ्याच प्रमाणात जाळते, थकवा कमी येतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येते.

याउलट फार जोरात धावले की प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो, स्नायूंत आम्लता वाढते आणि पाय जड होतात. असा सरावही आवश्यक आहे, पण तो थोडाच. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट आपण विसरतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच बळकट होऊ लागतात, पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना त्यासाठी कितीतरी महिने लागतात. त्यामुळे दम वाढलेला असतो, उत्साह दांडगा असतो, पण हाड अजून तयार नसते. त्या मुलाच्या नडगीचे हेच झाले.

आणखी एक मुद्दा. सुधारणा धावताना होत नाही, विश्रांतीत होते. धावण्याने शरीराची थोडी मोडतोड होते, आणि झोपेत व विश्रांतीच्या दिवशी शरीर ती दुरुस्त करताना पूर्वीपेक्षा थोडे मजबूत बांधते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे रिकरिंग खाते आहे. दर महिन्याचा हप्ता लहान असतो, पण तो चुकवायचा नसतो आणि खाते मुदतीआधी मोडायचे नसते.

एका कामगाराचा प्रयोग

सावकाश आणि लांब धावण्याचे हे तत्त्व जगापुढे ठळकपणे आले ते एखाद्या प्रयोगशाळेतून नव्हे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १९१७ चा. बुटांच्या कारखान्यात काम करायचे, संसाराला हातभार म्हणून दूधही टाकायचे. ऐन तारुण्यात एकदा मित्राबरोबर पाच मैल धावताना त्यांची दमछाक झाली. आपली तब्येत किती ढासळली आहे हे पाहून ते चपापले आणि त्यांनी कित्येक वर्षे स्वतःवरच प्रयोग केले. किती अंतर, किती वेग, किती विश्रांती हे सारे त्यांनी स्वतःच्या पायांनी तपासले. पुढे १९५३ व १९५५ साली ते न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते झाले.

त्यांच्याकडे सरावाला येणारी मुले प्रामुख्याने आसपासच्या भागातली होती. त्यांना ते आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, धावायला लावीत. त्यात डोंगराळ रस्त्यावरची २२ मैलांची एक लांब फेरी असे. वेग आवाक्यातला, दम न तुटणारा. जोराचा सराव शर्यतीच्या अगोदरच्या काही आठवड्यांतच. केवळ ८०० मीटर धावणाऱ्या मुलालाही २२ मैल धावविणे पाहून अनेकांनी त्यांना वेड्यात काढले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये उत्तर मिळाले. २ सप्टेंबर रोजी त्यांच्या पीटर स्नेल या २१ वर्षांच्या शिष्याने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच दिवशी थोड्याच वेळात मरे हालबर्ग याने ५००० मीटरचे. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने हालबर्गचा डावा हात जवळजवळ निकामी झालेला होता. बॅरी मगी या तिसऱ्या शिष्याने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळविले. ती मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून जिंकली, हे अनेकांना ठाऊक असेल. विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्नेल पुढे शिकला, त्याने डॉक्टरेट मिळविली आणि तो व्यायामशास्त्राचा संशोधक झाला.

पुढे लिडियार्ड यांनी हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन माणसांनाही हळूहळू धावायला शिकविले. तेव्हा हृदयरोग्याने स्वस्थ पडून राहावे असा समज होता. १६० किलोमीटर हा आकडा तुमच्या-आमच्यासाठी नाही. त्यामागचे तत्त्व मात्र आपल्यासाठीच आहे : आधी पाया, मग वेग.

आठवड्याची आखणी

नोकरदार माणसाला आठवड्यात पाच तास काढता आले तरी पुष्कळ होते. जानेवारी २०२३ नंतर आम्ही पाळलेला क्रम असा :

सोमवार – विश्रांती.
मंगळवार – ६ किलोमीटर सावकाश.
बुधवार – ७ किलोमीटर. त्यातील मधली २० मिनिटे जरा नेटाने, म्हणजे एखाद-दुसरे वाक्यच बोलता येईल अशी.
गुरुवार – विश्रांती किंवा चालणे.
शुक्रवार – ६ किलोमीटर सावकाश.
शनिवार – घरच्या घरी बैठका, टाचा उचलणे, पोटाचे व्यायाम.
रविवार – लांब पल्ला. ८ किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू १८ पर्यंत, अगदी सावकाश.

तीन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवावे आणि चौथ्या आठवड्यात कमी करावे. एखादे दुखणे धावताना वाढत असेल, एकाच जागी बोट ठेवून दाखविता येत असेल, तर त्याच दिवशी थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन महिने आम्हाला फार जड गेले. अंगाला नव्हे, मनाला! मागून येणाऱ्या आजीबाई चालत पुढे जात. पण चार महिन्यांनी त्याच दमात आम्ही किलोमीटरमागे अर्धा मिनिट लवकर पोहोचू लागलो. जानेवारी २०२४ मध्ये अर्ध्या मॅरेथॉनची वेळ लागली २ तास २४ मिनिटे. पहिल्या वेळेपेक्षा १७ मिनिटे कमी, आणि वय चार वर्षांनी जास्त.

भरतीच्या विद्यार्थ्यांसाठी

२०२२-२३ च्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागले. पूर्ण २० गुणांसाठी मुलांना ५ मिनिटे १० सेकंद आणि मुलींना २ मिनिटे ५० सेकंद अशी वेळ होती. नियम बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात नीट वाचावी.

आता गणित करू. ४०० मीटरच्या मैदानावर १६०० मीटर म्हणजे चार फेऱ्या. ५ मिनिटे १० सेकंदांचे चार भाग केले तर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात. बहुतेक मुले पहिली फेरी पासष्ट-सत्तर सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत ढेपाळतात. सुरुवातीला वाचविलेले दहा सेकंद शेवटी वीस होऊन वसूल केले जातात. व्याज चुकत नाही!

म्हणून जाहिरातीची वाट पाहू नये. आधी दोन-तीन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस ३० ते ४५ मिनिटे सावकाश, शक्यतो मातीवर धावावे. मग आठवड्यातून एकच दिवस ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, प्रत्येकी ७७-७८ सेकंदांत. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे चालणे. फेरी सत्तर सेकंदांत मारता येते म्हणून मारू नये. ठरलेला वेग पायात मुरविणे हाच त्या सरावाचा हेतू आहे. पूर्ण १६०० मीटर जीव लावून महिन्यातून एकदाच धावावे. चाचणीपूर्वीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

आणि चाचणीच्या वेळी छातीत दुखले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबावे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावचाचणीनंतर काही तरुण दगावले. भरती पुन्हा निघते.

चाळिशीनंतर

चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब, साखर व हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी धावताना खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात, कारण साखर एकदम उतरू शकते. आपल्याकडे दमट हवेत घाम सुकत नाही व अंग तापते, म्हणून उन्हाळ्यात घड्याळाशी झगडू नये. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासन्‌तास नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते व तेही धोक्याचे असते. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट घालू नयेत, नवा पदार्थ खाऊ नये आणि पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हात राखून धावावे.

शेवटी

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तीन महिने त्याचा पाय पूर्ण विश्रांतीत होता. मग चालणे, मग सावकाश धावणे. या वेळी आम्ही त्याच्याबरोबर रोज मैदानावर होतो. २०२४ च्या भरतीत त्याने १६०० मीटर ५ मिनिटे २२ सेकंदांत पार केले, चारही फेऱ्या जवळजवळ सारख्या. अंतिम यादीत मात्र लेखी परीक्षेच्या थोड्या गुणांनी तो मागे पडला. हे आम्ही लपवीत नाही, कारण धावणे हा तयारीचा एक भाग आहे, सगळी तयारी नव्हे. तो पुन्हा अभ्यासाला बसला आहे.

सकाळी तो मैदानावर असतो. नव्याने आलेली मुले पहिल्याच दिवशी सुसाट सुटली की तो त्यांना हाक मारून थांबवितो आणि सांगतो, “माझ्याशी बोलत बोलत चल. बोलता येत नसेल तर हळू हो.”

आम्ही त्याला जे सांगायला हवे होते, ते आता तो इतरांना सांगतो.