चौदावीपर्यंतची शाळा

वेल्डिंगच्या परीक्षेत जोडलेल्या पट्ट्या थंड झाल्या, की सांध्यावरून अरुंद तुकडा कापतात आणि दाबयंत्रात घालून तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवतात. फुगलेल्या बाजूला साधारण तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली तर विद्यार्थी नापास. वरून सांधा कितीही देखणा असो, आत स्लॅग, म्हणजे वितळताना सुटलेला मळ, अडकला असेल तर वाकवताना तो उघडा पडतोच. हा तुकडा अखंड निघेपर्यंत शिकणारा मुलगा रॉडचे पुडेच्या पुडे जाळतो, आणि जाळायलाच हवेत. त्याला स्वतंत्र बूथ लागतो, धूर ओढणारा पंखा लागतो, गॅसचं सिलिंडर लागतं. शिक्षकाला एका वेळी मोजक्याच मुलांवर नजर ठेवता येते.

शेजारच्या वर्गात इतिहास शिकायला पन्नास जण बसलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना राज्याचं मूळ अनुदान वर्षानुवर्षं मुख्यतः विद्यार्थीसंख्येवर मिळत आलं. विषय कुठलाही असो, डोक्यामागे रक्कम तीच. म्हणजे नर्सिंग, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती असे वर्ग काढणारं कॉलेज प्रत्येक विद्यार्थ्यामागे पदरमोड करणार. हायस्कुलांच्या वर्कशॉपांचंही तेच. पैशाची तंगी आली की कुलूप पहिलं तिथेच लागतं. या अडचणीतून वाट काढताना कॅलिफोर्नियाने हायस्कूल आणि कॉलेज यांना पैशाच्या धाग्याने एकत्र बांधलं. ती वीण बारकाईने पाहिली की मन थक्क होतं.

ही दोघं मुळात एकाच घरातली. १९०७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून हायस्कुलांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण आपल्याच छताखाली द्यायची मुभा दिली. तिचा फायदा घेऊन फ्रेझ्नोच्या शाळा मंडळाने १९१० मध्ये वर्ग सुरू केले. राज्यातलं पहिलं ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेज, ते हेच. पुढे कॉलेजांचे स्वतंत्र जिल्हे झाले, आणि १९६७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं राज्य मंडळही आलं. घर विभागलं, पण चूल काही अंशी एकच राहिली. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कराला लगाम घातल्यावर दोघांचाही भार राज्याच्या तिजोरीवर आला. १९८८ च्या प्रस्ताव ९८ ने तर राज्याच्या सर्वसाधारण निधीतला साधारण ४० टक्के हिस्सा शाळा आणि कम्युनिटी कॉलेज यांच्यासाठी मिळून राखून ठेवला. त्यातला सुमारे ११ टक्के वाटा कॉलेजांकडे जातो. त्यामुळे तिथल्या अर्थसंकल्पात बालवाडीपासून चौदावीपर्यंतचं शिक्षण एकाच रकान्यात दिसतं.

तरीही वर्गाच्या पातळीवर दोघांची गाठ पडत नव्हती. हायस्कुलात दोन वर्षं वाहनदुरुस्ती शिकलेल्या मुलीला कॉलेजात पुन्हा पहिल्या धड्यापासून बसावं लागायचं. २००५ साली सिनेटर जॅक स्कॉट यांनी मांडलेलं ७० क्रमांकाचं विधेयक मंजूर झालं आणि ही दरी बुजवायला सुरुवातीला दोन कोटी डॉलर मिळाले. स्कॉट पूर्वी पॅसाडेना सिटी कॉलेजचे अध्यक्ष होते आणि नंतर साऱ्या राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांचे प्रमुख झाले. त्या वेळचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर हे स्वतः सँटा मोनिकाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकलेले! या रकमेतून झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. शाळेचे शिक्षक आणि कॉलेजचे प्राध्यापक एका टेबलाशी बसले, आपापला अभ्यासक्रम पुढ्यात मांडून कोण काय आणि किती तास शिकवतो ते त्यांनी ताडून पाहिलं. जुळलं तर करार करायचा, आणि शाळेतल्या मुलीने कॉलेजची परीक्षा दिली की कॉलेजचं क्रेडिट तिच्या नावावर जमा. आपल्याकडे आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, त्यामागचं तत्त्व हेच आहे.

मग मंदी आली. २००९ मध्ये व्यवसाय शिक्षणाच्या राखीव रकमा इतर खर्चाला वापरायची मोकळीक शाळांना मिळाली. २०१३ च्या नव्या अनुदानसूत्रात त्या रकमा मुख्य निधीत विरघळल्या. नववी ते बारावीसाठी २.६ टक्क्यांची वाढ तेवढी दिली गेली. पण त्या वाढीवर कशाचंच नाव नव्हतं आणि वर्कशॉपं तर महागडी. म्हणून २०१५ मध्ये राज्याने तीन वर्षांसाठी ९० कोटी डॉलरचं प्रोत्साहन अनुदान जाहीर केलं. त्याची अट पाहा: पहिल्या वर्षी राज्याच्या एका डॉलरमागे शाळेचा एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी दोन. रकमा मात्र उलट्या क्रमाने उतरत्या, ४० कोटी, ३० कोटी, २० कोटी. राज्याने हळूहळू आधार काढून घ्यावा आणि शाळेने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा सगळा हेतू त्या आकड्यांतच बसवलेला होता.

२०१६ मध्ये कॉलेजांसाठी दरवर्षी २० कोटी डॉलरचा वेगळा निधी आला. त्यातला ६० टक्के थेट कॉलेज जिल्ह्यांना आणि ४० टक्के प्रादेशिक गटांना मिळतो, कारण कामगारांची गरज कॉलेजच्या हद्दीपाशी थांबत नाही. २०१८ मध्ये शाळांसाठी आणखी १५ कोटींची वार्षिक योजना निघाली. पैसा शाळांचा, पण तो वाटतं कम्युनिटी कॉलेजांचं राज्य कार्यालय! कॉलेजशी हातमिळवणी केल्याशिवाय शाळेला अर्जच करता येत नाही.

सगळ्यांत नाजूक कारागिरी २०१५ च्या २८८ क्रमांकाच्या कायद्यात आहे. त्यानुसार हायस्कूलची मुलं शाळेतच, शाळेच्या वेळेत कॉलेजचे विषय शिकू शकतात. एरवी कॉलेजच्या एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर फी पडते. या मुलांना फी माफ, पुस्तकंही मोफत. आता प्रश्न हजेरीचा. हायस्कूलच्या विद्यार्थ्याचा दिवस भरायला एरवी २४० मिनिटं लागतात. या मुलांना मात्र १८० पुरतात. दिवसातला एक तास कॉलेजसाठी मोकळा झाला आणि शाळेच्या हजेरीतून काही वजा झालं नाही. कॉलेजला आपल्या तासांचं अनुदान कॉलेजच्या हिशेबाने मिळतं, मात्र एकाच तासाचे पैसे दोघांनी घ्यायचे नाहीत, हेही कलमात लिहिलेलं आहे. आधी एकमेकांकडे विद्यार्थी पाठवण्यात दोघांना तोटा दिसायचा. साठ मिनिटांच्या फरकाने तो अडसर दूर केला.

एक शंका जुनी आणि रास्त आहे: कौशल्यशिक्षणाच्या नावाखाली गरिबांच्या मुलांना विद्यापीठाच्या वाटेवरून बाजूला सारलं जाईल का? असं पूर्वी घडलेलं आहे. २०२२ च्या ५० कोटी डॉलरच्या गोल्डन स्टेट पाथवेज योजनेने म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवायची अट घातली. विद्यापीठप्रवेशाला लागणारे सगळे विषय, किमान १२ कॉलेज क्रेडिट मिळवायची संधी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, हे सगळं एकाच मार्गावर. नर्सिंगच्या वाटेवरची मुलगी उद्या डॉक्टर व्हायचं म्हणाली, तर तिचा एकही विषय कमी पडू नये.

लहान शाळांचं काय, ही काळजी मला तरीही वाटते. एका डॉलरमागे दोन डॉलर उभे करणं लॉस एंजेलिसला जमेल. डोंगरातल्या, शंभर मुलांच्या शाळेला ते कठीणच. पहिल्या तीन वर्षांनंतरही चालू राहिलेल्या प्रोत्साहन अनुदानाच्या कायद्याने त्यांची निदान दखल घेतली आहे: एकूण रकमेतले ४ टक्के सरासरी हजेरी १४० किंवा त्याहून कमी असलेल्या अर्जदारांसाठी आणि ८ टक्के १४० ते ५५० च्या दरम्यानच्यांसाठी बाजूला काढलेले असतात. या गटांतल्या शाळांची स्पर्धा मोठ्या शहरांशी नसते, आपल्याच मापाच्या शाळांशी असते. दोनास एकची अट मात्र त्यांनाही सुटलेली नाही, आणि ती शिथिल व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.