जिल्हा बदलला, बोईसर तिथंच: नेस्टेड ऑब्जेक्ट आणि डेटाबेसचा मेळ

आजचा भाग कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण उदाहरण आपल्या पालघरचं.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. १५ तालुक्यांपैकी पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे ८ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. बोईसर आणि तारापूर आधी पालघर तालुक्यात होते, नंतरही तिथंच राहिले.

आता समजा, आपल्याला पाणीपट्टीचं ॲप बनवायचंय. ॲपमध्ये एक 'जिल्हा' ऑब्जेक्ट, त्याच्या पोटात तालुके, तालुक्याच्या पोटात गावं. डेटाबेसमध्ये मात्र असं पोटबिट काही नसतं. तिथं तीन सपाट टेबलं. गावाच्या ओळीत तालुक्याचा आयडी, तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचा आयडी. हीच फॉरेन की.

मग जिल्हा फुटला तेव्हा काम किती? पालघर जिल्ह्याची एक नवी ओळ टाकायची आणि ८ तालुक्यांच्या ओळींत जिल्ह्याचा आयडी बदलायचा. बस्स! बोईसरच्या ओळीला हातही लावायचा नाही.

गडबड कुठं होते? आपण ऑब्जेक्टच्या बाजूनं विचार करतो: ठाण्याच्या यादीतून तालुका काढला, पालघरच्या यादीत टाकला. जावाच्या जेपीएमध्ये 'ऑर्फन रिमूव्हल' चालू असेल, तर यादीतून निघालेला तालुका पोरका समजला जातो आणि त्याची ओळ पुसायला निघते. कॅस्केड लावलेलं असेल तर गावं जातात, गावांना जोडलेल्या पाणीपट्टीच्या नोंदीही जातात. तालुका पुन्हा टाकला तरी आयडी नवा. बोईसरच्या एखाद्या घरानं भरलेले पैसे मग कुणाच्या नावावर दाखवणार? म्हणूनच पोरका झालेला ऑब्जेक्ट दुसऱ्या पालकाला जोडू नका, असं जेपीएचे नियमच सांगतात.

मग करायचं काय?

एक, जुळणी नावावरून नको, आयडीवरून करा. आयडी जुळला तर अपडेट, आयडी नसेल तर नवी ओळ.

दोन, यादीत दिसत नाही म्हणजे पुसलं, असं धरू नका. मोबाईलनं ८ पैकी ५ च तालुके लोड केले असतील, तर उरलेले ३ उडवायचे का? पुसायचं असेल तर तसा स्पष्ट निरोप यायला हवा.

तीन, सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. ५ तालुके पालघरात, ३ ठाण्यात लटकलेले, असं अर्धवट चित्र कुणालाच दिसता कामा नये.

चार, व्हर्जनचा कॉलम ठेवा. दोघांनी एकच ओळ एकाच वेळी उघडली, तर उशिरा सेव्ह करणाऱ्याला अडवता येतं.

आणि इतिहास हवा असेल तर नात्याला 'कधीपासून-कधीपर्यंत' तारखा द्या. २०११ च्या जनगणनेत पालघर तालुका ठाणे जिल्ह्यात मोजलाय. आज नुसता आयडी बदलला, तर ते जुने आकडे चुकीच्या जिल्ह्यात बेरजेला जातील.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये ऑर्फन रिमूव्हल कुठं चालू आहे, ते आजच एकदा शोधून बघा. भेटू पुढच्या भागात!